खालच्या दोरीवरचा पाय

आमच्या म्होरक्या नथ्थूभाऊनं माह्या पोराले जाळ्याच्या रांगेतून काढलं, त्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर भांडाले गेली. अन् भांडता भांडता माहंच म्हननं कच्चं पडलं. काढलं त्याच्यापेक्षा हे जास्त झोंबलं.

आमी ढिवर. मोठं जाळं ओढाचं कसं, ते आमच्यात कोनाले शिकवा लागत नाई, पन बाकीच्याइले सांगते. बारा मानसं छातीभर पान्यात एका रांगेत राहतात. हातानं वरची दोरी धराची अन् पायानं खालची दोरी चिखलात दाबून पुढं सरकवाची. एकाचा पाय सुटला की तिथून जाळं उचलते, अन् तेवढ्या फटीतून मासे निंगून जातात. मरळ तर त्या फटीची वाटच पाहून राह्यते.

माह्या इस्तारीचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला. तळवा दुसऱ्या घोट्याकडं पाहे, अन् हा चाले पायाच्या बाहेरच्या कडेवर. त्या कडेवर बैलाच्या खांद्यावर पडते तसा घट्टा. अन् तळव्यानं सव्वीस वर्षांत जमीन पाह्यली नोती. मऊ, गुलाबी, तान्ह्या लेकराचा असावा असा. तेल लावताना माहा हात त्या तळव्यावर गेला की मले रडू ये, अन् रडू आलं की राग ये, अन् मंग तो राग मी ज्याच्यावर जमन त्याच्यावर काढो.

त्याच्या बापाले दमा लागला तवा रांगेतली जागा पोराकडं आली. दोन वर्षं ओढलं त्यानं. मेहनतीले कमी नाई. पन दोरी कडेनं दाबल्या जात नाई, तिले तळवा लागते.

"गुनाबाई," नथ्थूभाऊ म्हने, "पोरगा इमानदार आहे, मी कुठी नाई म्हनतो? पन त्याच्या जागेवरून मासे जातात. अकरा जनाइनं काऊन भोगावं?"

"तुमच्या जागेवरून नाई जात का?"

"जाते ना. कवा कवा जाते. त्याच्या जागेवरून रोज जाते."

आता याले काय म्हनाव? खालून इस्तारी म्हने, "माय, चाल घरी. तमाशा नोको करू."

दुसऱ्या दिवशीपासून त्यानं पाळीवर टोपली धरली. टोपली धरतात बाया अन् म्हातारे. रांगेतले पोट्टे पान्यातून मासा फेकत अन् ओरडत, "ओ इस्तारीबाई, झेला!" तो हासे. घरी येऊन भाताचं ताट सरकवून देये अन् भिंतीकडं तोंड करून पडे. त्याची बायको प्रेमिला ताट उचलून माह्या तोंडाकडं पाहे, जसं काई मीच त्याले जेवाले नाई म्हनलं.

दिवाळीनंतर देवी टोचनारा नानाजी गावात आला. लेकराइले टोचता टोचता त्याची नजर इस्तारीच्या पायावर गेली.

"बाई, हा पाय सरळ होते," तो म्हने.

"कवा? मी मेल्यावर?"

"चांद्याच्या दवाखान्यात हाडाचा डाक्टर आला नवीन. मोठ्या मानसाचेबी पाय करते. हाड कापते, बसवते, वरून पलस्तर लावते."

तेवढ्यात इस्तारीचा बाप खाटेवरून खोकला. मी त्याचं नाव घेत नाई, गाव त्याले मनसाराम म्हनते. खोकून झाल्यावर म्हने, "गिरानाचा दोष आहे थो. डाक्टर काय करन त्याले?"

झालं. निंगालं गिरान. घरात काईबी बोला, फिरून फिरून तिथंच ये.

इस्तारी पोटात होता तवा सूर्याले गिरान लागलं होतं. घरी पाहुने आले होते, सासूनं टोपलीभर मासे पुढं टाकले अन् म्हने, चिर. मी म्हनलं, गिरान सुटू द्या. ती म्हने, पाहुने काय गिरान खातीन? मंग मी चिरले. अन् पोरगा असा झाला तवा तीच सासू तलावाच्या पाळीवर उभी राहून साऱ्या गावाले सांगे, हिनं गिरानात इळा चालवला, माह्या नातवाचा पाय कापला. सासू मेली, पन गिरान घरातच राह्यलं. नवऱ्यानं सांभाळून ठेवलं. सव्वीस वर्षं पोरगा माह्या पुढून लंगडत जाये अन् मले वाटे, हे माहंच करनं अंगनात चालून राह्यलं. मलेबी खरंच वाटे. खोटं काऊन बोलू?

"मी जातो," इस्तारी म्हने. "कापू दे हाड."

"अन् मेला तर?" प्रेमिला रडाले लागली.

"पाळीवर टोपली धरून तरी काय जित्ता आहो?"

पुसात धान घरात आलं, तवा आमी गेलो. मूल गावापर्यंत बैलगाडी, मंग छोट्या लाईनची गाडी. इस्तारीचा बाप येतो म्हनला. कायले येता, तिथं धूर आहे, खोकसान, म्हनलं. तरी आला.

डाक्टर जवान होता, अन् तापट. पाय हातात घेतला, वळवून पाह्यला, काळा फोटो काढला हाडाचा. म्हने, "जन्मल्यावर महिन्याभरात आणलं असतं तर नुसत्या हाताने आणि पट्ट्यांनी सरळ केला असता. इतकी वर्षं काय करत होता?"

"तवा तुम्ही कुठी होते?" मी म्हनलं.

तो माह्याकडं पाहून हासला. मंग नीट सांगतलं त्यानं. वय झालं, हाडं त्याच आकारात पक्की झाली, आता ओढून वळनार नाई. पाचरीसारखा तुकडा कापून काढाचा, पाय जमिनीवर सपाट बसवाचा, अन् हाडं एकमेकाले धरेपर्यंत तीन महिने पलस्तर. पाय लहानच राहीन, पोटरी बारीकच राहीन, घोट्याच्या खाली ताठ राहीन.

"दोरी दाबता येईन का?" मी इचारलं.

"कसली दोरी?"

आता याले जाळं कसं सांगाव? टेबलावर पट्टीची गुंडाळी होती. मी ती खाली सोडून दिली, लांब. चप्पल काढली, तळवा त्या पट्टीवर ठेवला, दाबला, अन् फरशीवर फरफटत पुढं नेला. एक पाऊल, दोन पाऊल, भिंतीपर्यंत. "अशी. पान्यात. चिखलात. दिवसभर."

नर्सबाई ओरडली, पट्टी खराब झाली म्हनून. डाक्टरनं एकडाव अजून दाखवाले लावलं. मंग म्हने, "येईल. पळता येणार नाही, पण हे येईल. मात्र तीन महिने पाणी नाही."

"पानी नाई?"

"प्यायचं चालेल," तो म्हने. मंग कागदावर लिहिता लिहिता इचारलं, "घराण्यात आणखी कोणाला असा पाय होता?"

इस्तारीचा बाप खिडकीबाहेर पाहून राह्यला होता. "नाई साहेब," तो म्हने. "गिरानाचा आहे."

"ग्रहणाने पाय वाकडा होत नाही हो."

"नाई साहेब," तो पुन्हा म्हने, अन् खोकला.

पाय कापला. तीन दिवस पोरगा कन्हत होता, चौथ्या दिवशी भात मांगतला. टाके काढून, मांडीपर्यंत पलस्तर बांधून, त्याले कुबड्या देऊन आमाले वापस धाडलं. गाडीत डाक्टरची गोष्ट मी मनात घोकत आली: पानी नाई, जमिनीवर भार नाई, आत काडी घालून खाजवाचं नाई.

सांगनं सोपं आहे. ढिवराच्या घरात कोरडं काय राह्यते? अंगनात ओलं जाळं, दाराशी ओली टोपली, वळचनीले डेऱ्यातलं पानी. माघात एक रात्र पाऊस आला तं मी घोंगडी, टोपली, सूप, सारं त्या पायावर घातलं अन् सोता भिजली. तो जाळं विनाची सुई आत घालून खाजवे. मी सुई लपवली. मंग तो प्रेमिलाच्या डोक्यातली पिन घेये. तिले दिवस गेले होते, चौथा सुरू होता, तरी नवऱ्याच्या पायाची खाज तिलेच जास्त. मी दोघाइच्या पाठी फिरून फिरून थकली.

अन् मंग पाडवा जवळ आला.

आमच्यात पाडव्याले जाळ्याची पूजा होते. त्या दिवशी जो पान्यात उतरून खालच्या दोरीवर पाय ठेवते, तो त्या वर्षी रांगेत. नाई ठेवला तर पुढच्या पाडव्यापर्यंत पाळीवर. बिमार असो, बायको बाळंत होत असो, कारन चालत नाई. पलस्तर सुटाले तीन आठवडे बाकी होते, अन् पाडवा चार दिवसांवर.

मी नथ्थूभाऊच्या घरी गेली. गोडीनं बोलली, जे मले जमत नाई.

"भाऊ, तीन आठवडे जागा राखा. पाय सरळ झाला त्याचा. पलस्तर तेवढं सुटू द्या."

"मी राखीन गुनाबाई. पन पाडवा राखते का? आज तुह्यासाठी सोडलं, उद्या दुसरा येईन."

"दुसरा कोन पाय कापून घेऊन येनार आहे?"

"रीत मी नाई काढली," तो म्हने अन् चिलीम भरत बसला.

घरी येऊन मी पोराले म्हनलं, "जाऊ दे. एक वर्षच आहे. सव्वीस गेले, सत्ताविसावं जाईन." तो काई बोलला नाई. बापबी काई बोलला नाई. हे दोघं एकाच वेळी चूप बसले, तवाच मले समजाले पाह्यजे होतं.

पाडव्याच्या दिवशी मले ती पूजा पाहावली नसती. म्हनून पहाटेच टोपली घेऊन मोहा वेचाले जंगलात गेली. बारा वाजता आली तं घरातली हवाच वेगळी. इस्तारीच्या बापानं मले हात धुवाले पानी दिलं. लग्न झाल्यापासून या मानसानं मले पान्याचा तांब्या दिला नोता. प्रेमिलानं न सांगता टोपली उतरून घेतली. इस्तारी खाटेवर, चैताच्या उन्हात, पायावर गोधडी घेऊन.

"थंडी वाजते का?" मी इचारलं.

"थोडी."

मी गोधडी ओढली. दोन महिन्यांत पलस्तर काळं पिवळं पडलं होतं, धुराचं, हळदीचं, हाताचं. आता पांढरं फटक. नवीन. मी बोट लावलं. बोट आत गेलं.

मी बोट काढून पाह्यलं. भिंतीले सारवाची पांढरी माती होती. माह्याच भिंतीले आनलेली, माह्याच मडक्यातली.

"कोनी केलं हे?"

"मी," दोघंबी म्हनले.

मंग एकेक निंगालं. लाकडाच्या डेपोवरून ट्रकच्या टायरची फाटकी ट्यूब आनली होती. ती पलस्तरावर चढवली, खालून वरून सुतळीनं आवळली. दम्याचा मानूस, दोन पावलं चालला तर तीन डाव बसते, त्यानं पोराले पाठीवर घेतलं अन् पाळ उतरून पान्यात गेला. इस्तारीनं तो ट्यूबवाला पाय खालच्या दोरीवर ठेवला. नथ्थूभाऊनं पाह्यलं, म्हने, "ठेवला." सारे जय म्हनले. अन् निंगताना खालची गाठ सुटली. ट्यूबात तलाव भरला.

घरी आनून सोडलं तं पलस्तर पेजीसारखं. जे गळलं ते गळलं, अन् जे राह्यलं त्याच्यावर इस्तारीच्या बापानं, या अकलेच्या खंदकानं, पांढरी माती थापली. उन्हात वाळवली. हातानं घोटून गुळगुळीत केली.

"डाक्टरले समजलं नसतं," तो म्हने. "रंग बराबर जमला होता."

मी खाली बसली. मले शिव्या सुचल्या नाई, असं पहिल्यांदाच झालं. मोहाच्या फुलाइचा वास येऊन राह्यला होता, ओल्या मातीचा वास येऊन राह्यला होता, अन् पोरगा माह्याकडं पाहून राह्यला होता. "माय, जागा राह्यली ना पन," तो म्हने.

"जागा राह्यली. पाय राह्यला का ते पाहू," मी म्हनलं, अन् मंग सुचल्या. सांजपर्यंत पुरल्या.

दुसऱ्या दिवशी चौघंबी निंगालो. प्रेमिला घरी राहाले तयार नोती. गाडीच्या प्रत्येक धक्क्याले इस्तारी दात दाबे अन् त्याचा बाप पायाखाली आपलं धोतर सरकवे. मी पाहून न पाह्यल्यासारखं केलं.

डाक्टरनं पलस्तर पाह्यलं. बोटानं टिचकी मारली. आवाज आला नाई. मंग त्यानं अंगठा दाबला, तो रुतला. त्यानं अंगठा नाकाजवळ नेला.

"हे काय आहे?"

"माती," मी म्हनलं. "भिंतीची."

मी लय मानसं रागावलेली पाह्यली, सोता रागावली, पन असा राग नाई पाह्यला. त्यानं पहिले माह्याकडं पाहून आवाज चढवला. मी म्हनलं, मी मोहा वेचाले गेली होती, याइले बोला. मंग तो याइले बोलला. पलस्तर कापाले करवत काढली होती, ती त्यानं परत ठेवली अन् साध्या कातरीनं कापलं, आमाले दाखवून दाखवून. आतून सडका वास आला, तलावाचा. कातडी पांढरी, सुरकुतलेली. पुन्हा फोटो काढाले नेलं.

आमी बाहेर बाकड्यावर बसलो. मले हात जोडाची सवय नाई. त्या दिवशी मी पदराखाली जोडले होते.

डाक्टर फोटो घेऊन आला. "नशीबवान आहात," तो म्हने. "हाडांनी बऱ्यापैकी धरलंय. थोडा आत सरकलाय. मी दाबून बसवतो, पण अगदी सरळ आता होणार नाही. अजून सहा आठवडे पलस्तर. आणि या वेळी पाणी लागलं तर माझ्याकडे येऊ नका."

"दोरी?" मी इचारलं.

"दाबता येईल," तो म्हने, जरा नरमून.

मंग त्याचं लक्ष प्रेमिलाच्या पोटाकडं गेलं. "आणि ऐका. बाळाचा पाय असा निघाला तर आठ दिवसांत घेऊन या. सव्वीस वर्षांनी नाही."

प्रेमिला घाबरून म्हने, "साहेब, मी गिरानात बाहेर नाई निंगनार. इळा नाई धरनार. काईच नाई चिरनार."

"अहो, ग्रहणाचा काही संबंध नाही!"

"साहेब," इस्तारीचा बाप मधात बोलला. त्याचा आवाज असा आला की मी वळून पाह्यलं. टोपी हातात घेऊन तो उभा होता. "साहेब, घरान्यात असन तर पुढं होते का? म्हनजे नातवाले?"

"होऊ शकतं. का? कोणाला होता?"

"माह्या काकाले होता. सोमाजी काकाले. दोन्ही पाय. असेच, जन्मापासून. मायनं सांगू दिलं नाई, घरान्याले बट्टा लागते म्हने, बहिनीइचे लग्न राह्यले होते. मंग लग्न झाले, तरी... राहूनच गेलं."

राहूनच गेलं! सव्वीस वर्षं. तिकडं कोपऱ्यात तांब्या राहून जाते, तसं.

मी सोमाजी काकाले पाह्यलं नोतं, मी यायच्या आधीच तो मेला. एवढंच आयकलं होतं की मोहाच्या झाडावरून पडला अन् लंगडा झाला. झाडावरून! अन् मी जन्मभर इळा हातात धरताना पहिले आभाळाकडं पाहो. मासा चिरताना पोरगा समोरून गेला की इळा खाली ठेवो. पोराच्या लग्नाच्या वक्ती पोरीवाल्याइनं इचारलं तवा मीच मान खाली घालून सांगतलं, माही चूक आहे, पोराची नाई. अन् हा मानूस त्याच मांडवात बसून पान चावत होता.

मी काई बोलली नाई. इस्तारी म्हने, "माय?" प्रेमिला म्हने, "आत्याबाई, बोला ना काई." मी बोलली नाई. नवीन पलस्तर झालं, आठ दिवस राह्यलो, छोट्या गाडीत बसलो, मी बोलली नाई. मूल टेसनावर उतरलो. बैलगाडीत पोराले झोपवलं, प्रेमिलाले बसवलं, मी बसली. इस्तारीचा बाप चाकावर पाय ठेवाले लागला.

"तुम्ही पाठीमागून चालत या," मी म्हनलं.

"एवढं दूर? मले दमा आहे."

"पान्यात पोरगा पाठीवर घेतला तवा होता का दमा?"

तो चालत आला. दर अर्ध्या कोसाले बसे, अन् मंग गाडीबी थांबे, कारन गाडीवानाले त्याची कीव ये. मी पुढं पाहून राहो. दिवस मावळता मावळता गावाची पाळ दिसली तवा मी गाडी थांबवली अन् त्याले वर बसू दिलं. गावात लोकाइनं पाहू नये म्हनून, दुसरं काई नाई.

"एक गोष्ट करा," मी म्हनलं. "जिथं तुमच्या मायनं मले बोललं, तिथंच सांगा. पाळीवर. सारे असतानी."

त्यानं मान डोलावली.

वैशाखात पलस्तर निंगालं. या वेळी करवतीनं, अन् डाक्टरनं आवाज होऊ दिला. पाय बाहेर आला, बारका, पिवळा, पन तळवा खाली. जमिनीकडं तोंड करून. जरासा आत, जशी बाज एका खुरानं बसकी असावी तशी, पन सपाट. मी पाहतच राह्यली. घरी आल्यावर इस्तारीनं कुबडी सोडून तो तळवा अंगनात टेकवला, अन् किंचाळला.

आमी घाबरलो, हाड मोडलं म्हनून. हाड नाई, खडा होता. ज्वारीच्या दान्याएवढा खडा. त्या तळव्यानं जन्मात खडा पाह्यला नोता. कडेवरचा घट्टा काट्यावर पडला तरी समजत नसे, अन् आता कनीवर पाय पडला तरी डोळ्यातून पानी. सव्वीस वर्षांचा घोडा अंगनात उभा राहून म्हने, "माय, जमीन गरम असते अवो!"

"मंग काय थंडी राह्यते उन्हाळ्यात?"

त्याच्या बापानं अंगनात पहिले धानाचं मऊ तनीस टाकलं. आठ दिवस त्याच्यावर चालवलं, हात धरून. मंग नदीची वाळू आनून टाकली. मंग सकाळच्या वक्ती पाळीवरची माती. दोघं फिरत, एक खोकत, एक लंगडत, अन् मी ओट्यावरून ओरडो, टाच टेकव, टाच, कडेवर जाऊ नोको! कारन सवयीनं तो अजून कडेवरच जाये. पाय सरळ झाला, पन चाल वाकडीच राह्यली होती. जेठात कुठी टाच टेकाले लागली.

जेठ संपता संपता, आभाळ भरून आलं तवा, वर्षातली शेवटची मोठी ओढ ठरली. तलाव कंबरेएवढा राह्यला होता. अर्ध गाव पाळीवर. इस्तारी रांगेत उतरला. त्याले रांगेत घेऊ नोका असं कोनी म्हनू शकत नोतं, पाडव्याले पाय ठेवलाच होता. म्हनजे ज्या मूर्खपनासाठी मी याइले महिनाभर शिव्या दिल्या त्याच्यानंच जागा राह्यली. याचा मले अजूनबी राग आहे.

जाळं उतरवाच्या आधी इस्तारीचा बाप पाळीवर उभा राह्यला. टोपी काढली. "मले सांगाचं आहे," तो म्हने. अन् खोकला. खोकता खोकताच सांगून टाकलं, अर्ध वाऱ्यावर गेलं.

"काय म्हनलं, मनसाराम?" नथ्थूभाऊ पान्यातून ओरडला. "आयकू नाई आलं."

त्याले पुन्हा सांगा लागलं. जोरानं. "सोमाजी काकाचे पाय जन्माचेच वाकडे होते! झाडावरून नाई पडला! हिच्या गिरानाचं काई नाई!"

पाळीवर बाया एकमेकीकडं पाह्याले लागल्या. मी टोपली सरळ करत होती. टोपली सरळच होती.

ओढ सुरू झाली. मले बाकीचे अकरा दिसत नोते, एकच जागा दिसत होती, डावीकडून चौथी. तिथली वरची दोरी थरथरे, खाली जाये, वर ये. एकडाव ती वर आली अन् पान्यात चमक दिसली, मरळ. इस्तारीनं दात दाबले, खांदा वाकवला, अन् दोरी खाली गेली. चमक जाळ्याच्या आतच फिरली. नथ्थूभाऊनं एकडाव त्या जागेकडं पाह्यलं अन् पुढं पाह्यलं. दुसऱ्यांदा पाह्यलं नाई.

मासे निंगाले, वाटे पडले. पहिले थेंब टपकले. मी भाताची शिदोरी घेऊन इस्तारीले शोधाले गेली. मले त्याले कवाच शोधा लागलं नाई. ओल्या पाळीवर त्याच्या पायाची खून राहे, एक पाय पुरा अन् एक नुसती खोल कड, इळ्यासारखी. ती खून धरून मी त्याले शेतात शोधलं, जंगलात शोधलं, लहानपनी रुसून गेला तवा मोहाखाली शोधलं.

मी खाली पाहत चालली. पाळीवर चिखल, चिखलात बारा जनाइचे पाय. टाच, तळवा, बोटं. टाच, तळवा, बोटं. सारे सारखे. मी पाळीच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत गेली, वापस आली. कड कुठीच नाई.

"इस्तारी!" मी ओरडली. "कुठी मेला रे?"

"इथीच तं आहो माय," तो म्हने. माह्या पाठीमागं, पोट्ट्याइच्या घोळक्यात उभा होता, ओलाचिंब. मी दोन डाव त्याच्याजवळून गेली होती. "एवढी शोधते काय खाली वाकून?"

आता याले काय सांगाव? शिदोरी हातात दिली अन् म्हनलं, "शोधू नाई तं काय करू? सव्वीस वर्षं खाली पाहून सापडत होता. आता मान वर करून एकेकाचं तोंड पाहा लागते, अन् ती मान दुखते."